एक फड, तीन सोंगं

खेळाडू नट का होतो आणि शेवटी माईकवर का येतो, हे कळायला माळेगावची यात्रा पाहावी. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, मार्गशीर्षात खंडोबाची ही यात्रा भरते. घोड्यांचा बाजार, कुस्त्या आणि तमाशाच्या राहुट्या, सगळं एकाच माळावर. मराठीनं कुस्तीलाही फड म्हटलं, तमाशालाही. (उसाचाही फडच, पण त्याचं दुखणं बीडवाल्यांना विचारा.)

माईक यायच्या आधी मैदान बोलायचं ते हलगीतून. कर्णा आला आणि जोड पुकारणारा माणूस हळूहळू निवेदक झाला. लातूरकडच्या एका मैदानात पाहिलेला असा एक गडी अजून डोळ्यांपुढे आहे. पिचलेले कान, धूळ जाऊ नये म्हणून माईकला गुंडाळलेला रुमाल. गुडघा गेल्यावर लंगोट खुंटीला लागला, मग गणपतीतल्या नाटकात इरसाल पाटील रंगवून त्यानं आवाज कमावला. पैलवान वाकायच्या आतच तो ओरडायचा, “पट निघतोय बघा!” आणि पट, म्हणजे समोरच्याचे पाय ओढायचा डाव, निघायचा. कुस्ती खडाखडीत अडकली की पैलवानाचं गाव, वस्ताद, आजा सगळं काढायचा. मध्येच निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांचं नाव यायचं, १९७० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या सुवर्णपदकासकट.

टीव्हीवरच्या क्रिकेटवाल्यांचा रस्ता याहून फार वेगळा नाही, पैसा तेवढा जास्त. संदीप पाटील १९८३ चा विश्वचषक जिंकून दोन वर्षांत ‘कभी अजनबी थे’चे नायक झाले. अजय जडेजाचा रस्ता जास्त खाचखळग्यांचा. १९९६ च्या विश्वचषकात बंगळूरच्या उपांत्यपूर्व सामन्यात पाकिस्तानविरुद्ध २५ चेंडूंत ४५ धावा, त्यात वकार युनूसची धुलाई. २००० मध्ये सामनानिश्चितीच्या प्रकरणात पाच वर्षांची बंदी, जी २००३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं उठवली. त्याच वर्षी त्यानं काम केलेला ‘खेल’ हा चित्रपट आला. तो कुणाच्या लक्षात नाही; हिंदी समालोचनातला जडेजाचा मिश्कील सूर मात्र आमच्याकडच्या पानटपरीवरही ओळखतात. आपल्या बीडचा संजय बांगर पडद्याच्या वाटेला गेलाच नाही. २००२ च्या हेडिंग्ले कसोटीत ढगाळ हवेत सलामीला येऊन ६८ धावा काढणारा हा माणूस माईकवरही तसाच, सोंग न घेता बोलतो.

त्या लातूरकडच्या मैदानात शेवटची कुस्ती बरोबरीत सुटली. निकाली कुस्तीसाठी थांबलेलं पब्लिक खवळलं, मातीत चपला पडायला लागल्या. गड्यानं माईकवरचा रुमाल सोडला, डोक्याला बांधला आणि गणपतीतल्या त्या पाटलाच्या आवाजात पंचालाच दम भरायला सुरुवात केली. पंच हसला, मग पुढची रांग हसली. तेवढ्यात दोन्ही पैलवान मागच्या बाजूनं जीपमध्ये बसले होते.