परदेशी स्टेज रेसला सायकल नेताय? आधी हँगर दाखवा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या सायकलच्या दुकानात मार्च जवळ आला की ठरलेला सीन, कुणी साउथ आफ्रिकेत केप एपिक या माउंटन बाइकच्या स्टेज रेसला, म्हणजे रोज एक टप्पा अशी कित्येक दिवस चालणाऱ्या रेसला, निघालेलं असतं, कुणी पुढे आल्प्समधल्या सात दिवसांच्या रेसची तयारी करत असतं, आणि दारातूनच वाक्य तेच, "काका, परवा फ्लाइट आहे, फक्त पॅक करून द्या." त्या "फक्त"मुळे आमचे दोन दिवस जातात म्हणून हा कागद छापलाय.

पॅकिंग अवघड नाही हो, अडतं ते हँगरवर. मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग, फ्रेमला जिथे लटकतो तिथला अंगठ्याएवढा अॅल्युमिनियमचा तुकडा. तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे मार लागला तर तो वाकावा, फ्रेम तुटू नये. गाडीच्या डिकीत सायकल उजव्या बाजूवर आडवी टाकली तरी वाकतो. आणि बडोद्यात ते कळतच नाही! आपलं गाव सपाट, मागचा सगळ्यात मोठा गिअर, चढावरचा हलका, कामाठी बागेच्या चकरांना लागतो कुणाला? तो लागतो घाटात, परदेशात, दुसऱ्या दिवशीच्या चढावर, आणि मग डिरेलर सरळ स्पोकमध्ये. इलेक्ट्रॉनिक गिअर आहेत म्हणून आपण सुटलो असं समजू नका, मोटरला हँगर वाकलाय हे थोडंच कळतं.

आमच्या एका गिऱ्हाईकाचं हेच झालं. रात्री अकराला व्हॉट्सअॅपवर फोटो, चेन कापून सिंगल गिअर केलेली सायकल, कारण त्या गावातल्या तीन दुकानांत त्याच्या फ्रेमचा हँगर नव्हता. उरलेले स्टेज एकाच गिअरवर. दांडिया बाजारात बसून मी काय करणार, "पाय सांभाळा" एवढंच लिहिलं.

बऱ्याच फ्रेमचा हँगर वेगळा असतो, त्यामुळे सगळे दुकानात ठेवणं आम्हाला जमत नाही, मागवावा लागतो आणि कधी तीन आठवडे जातात. म्हणून तिकीट बुक झालं की त्याच आठवड्यात सायकल आणा, पॅकिंगला नाही, नुसती दाखवायला. हँगर सरळ आहे का ते गेज लावून तपासतो, दोन स्पेअर मागवतो, मग तुम्ही पावागढला माचीपर्यंत एकदा चढवून या, मागच्या त्याच मोठ्या गिअरवर, जोर लावून. आवाज आला तर परत या, अजून वेळ असतो.

काही जण म्हणतात की नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी 2017 ला रेस अॅक्रॉस अमेरिका एकट्याने पुरी केलीच की, त्यांना कुठे असलं सगळं लागलं? अहो, त्या रेसला मागे सपोर्टची माणसं न् गाडी असते. केप एपिकला आठ दिवस तुम्ही आणि तुमचा जोडीदार, दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर चालत नाही, म्हणजे तुमची सायकल बिघडली की त्याचीही रेस थांबली.

"घरी यूट्यूब बघून पॅक होतं, तुम्ही पैसे कसले घेता?" हेही रोजचं. होतं की, नाही कोण म्हणतं. पण आम्ही डिरेलर हँगरसकट उतरवून बबल रॅपमध्ये गुंडाळून फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात बांधतो, ब्रेकची डिस्क काढून वेगळी ठेवतो, ब्रेक पॅड धरणाऱ्या कॅलिपरमध्ये स्पेसर घालतो, नाहीतर प्रवासात ब्रेकचा लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटतात. आणि मग सगळं तुमच्याकडून आमच्यासमोर एकदा जोडून घेतो, त्याचे वेगळे पैसे नाहीत. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे हॉटेलच्या खोलीत आठवत नाही. हँडल धरणाऱ्या स्टेमवर बोल्ट किती आवळायचा ते पाच न्यूटन मीटर असं छापलंय तर पाचच, तेवढंच मोजून आवळणारा छोटा टॉर्क पाना आमच्याकडे मिळतो.

बॉक्समध्ये लीलो चिवडो भरू नका राव. एक तर तेवीस किलोची मर्यादा असली तर तिथेच संपते, वर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला खाण्यावर आणि टायरच्या मातीवरही तपासणी कडक, सायकल धुऊनच न्यायची. टायरमध्ये हवा भरायची सीओटूची नळकांडी आम्ही काढून ठेवतो, तिथे पोचून घ्या. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत. आणि अहमदाबाद किंवा मुंबईला बॉक्स चेक-इनला द्यायच्या आधी कस्टमकडून फ्रेम नंबर लिहून एक्सपोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर परतताना ही सायकल जुनी की तिकडे घेतलेली हे पटवत बसावं लागेल.

हार्ड बॉक्स भाड्याने देतो, पण आमच्याकडे दोनच आहेत आणि मार्चचे लवकर जातात. परत आणताना आतले फोमचे तुकडे मोजून आणा, दर वेळी एक कमी निघतो.