धुऱ्यावरचा मोबाइल आणि मागची दीडशे वर्षं

वर्धा-यवतमाळकडे कपाशीच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून एखादा पोरगा पाखराचा फोटो काढतो, अ‍ॅपला दाखवतो आणि दोन-चार सेकंदांत नाव हाती येतं. त्या नावावर किती भरवसा ठेवायचा, हा प्रश्न मात्र मोबाइलसोबत आलेला नाही. आपल्या भागात तो दीडशे वर्षांपासून आहे, आणि ‘हे अमुकच’ असं छातीठोक सांगण्याचा मान दर पिढीत वेगळ्याच कुणाकडे गेला आहे.

नागपूरचा अजब बंगला १८६३ सालचा. गावाकडून कोर्टकचेरीच्या कामाला आलेला माणूस तिथली पेंढा भरलेली जनावरं पाहूनच परतायचा. पण त्या काळच्या संग्रहालयांचं मुख्य काम मागच्या कपाटांत चालायचं. पक्षी मारायचा, कातडं सोलून आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची: ठिकाण, तारीख, मारणाऱ्याचं नाव. ही चिठ्ठी म्हणजे पुरावा. नुसतं ‘मी पाहिला’ म्हणणाऱ्याला किंमत नव्हती. इथले अभिरक्षक ई. ए. डी’अब्रू यांनी १९३१ मध्ये मध्य प्रांतातल्या फुलपाखरांची आणि १९३५ मध्ये पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. आज या याद्यांची आठवण फारशी कुणी काढत नाही, याचं मला वाईट वाटतं.

चिठ्ठीच खोटी निघाली तर काय होतं, हे रानपिंगळा या छोट्या घुबडाच्या प्रकरणात दिसलं. आजच्या छत्तीसगडमधल्या बसन्याजवळ १८७२ मध्ये ब्लेविट यांना हा पक्षी मिळाला आणि १८७३ मध्ये पक्षितज्ज्ञ ह्यूम यांनी त्याला ब्लेविट यांचंच नाव दिलं. पुढे मोजकेच नमुने जमले. १८८४ नंतर खात्रीची एकही नोंद नाही. फक्त एका कातड्यावर ‘मांडवी, गुजरात, १९१४’ अशी चिठ्ठी होती, पक्ष्यांचे नमुने जमवणारे ब्रिटिश कर्नल माइनर्ट्झहागेन यांची. अमेरिकी पक्षितज्ज्ञ पॅमेला रासमुसेन यांनी ते कातडं तपासलं तेव्हा निघालं ते असं की साहेबांनी ब्रिटिश संग्रहालयातला जुना नमुना चोरून, कापूस बदलून, त्यावर आपली चिठ्ठी डकवली होती. मग ती चिठ्ठी बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे शोध वळवला आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. त्यानंतर मेळघाटातही तो सापडला, आणि आज मेळघाट हे त्याचं मोठं ठिकाण मानलं जातं. आता हा पक्षी दिवसाउजेडी शिकार करतो, सागाच्या उघड्या फांदीवर बसतो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोरकू आदिवासींच्या नजरेतून तो सुटला असेल, असं मला तरी वाटत नाही. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

गावाजवळच्या आंब्या-चिंचेत राहतो तो साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके ठळक असतात. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, पोट पांढरं, पाय पिसांनी भरलेले आणि पंजे अंगाच्या मानाने दांडगे. फोटोत माथा आला नाही तर अ‍ॅप बेलाशक साधा पिंगळा म्हणून मोकळं होतं.

बंदूक जाऊन दुर्बीण आली ती पुस्तकांमुळे. अमेरिकेत १९३४ मध्ये रॉजर टोरी पीटरसन यांनी चित्रातल्या नेमक्या खुणेवर बाण दाखवण्याची पद्धत आणली. आपल्याकडे १९४१ मध्ये सालिम अली यांचं भारतीय पक्ष्यांचं पुस्तक आलं. पक्षी न मारता ओळखता येतो, हे सामान्य वाचकाला त्यातून पटलं. अडचण एकच, सगळं इंग्रजीत. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोराच्या हाती ते पडायची शक्यता कमीच. ती उणीव मारुती चितमपल्ली यांनी भरून काढली. मूळचे सोलापूरचे, पण वनखात्याच्या नोकरीत नवेगाव, नागझिरा, मेळघाट असे विदर्भाचे झालेले. त्यांच्या पक्षिकोशात स्थानिक बोलींतली पाखरांची नावं मानाने बसली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले.

अ‍ॅपचा भाग त्यामानाने ताजा. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं, पक्ष्यांच्या नोंदी टाकायचं ई-बर्ड २००२ मध्ये सुरू झालं, २०१० मध्ये जगभरासाठी खुलं झालं. कुठल्याही जीवाची नोंद फोटोसह टाकता येते ते आयनॅचरलिस्ट हा २००८ मधला बर्कलीच्या विद्यार्थ्यांचा पदव्युत्तर प्रकल्प. कॉर्नेलचंच मर्लिन २०१४ मध्ये निघालं, तेव्हा ते रंग, आकार, ठिकाण विचारून अंदाज सांगायचं. फोटोवरून नाव सुचवणं मर्लिन आणि आयनॅचरलिस्ट या दोन्ही अ‍ॅपमध्ये २०१७ च्या सुमारास आलं. २०२१ मध्ये मर्लिन आवाजावरून नावं सांगू लागलं, आधी उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांची, भारतातल्यांची नंतर. आवाजाचं ते चित्र बनवतं आणि त्या चित्राची ओळख पटवतं, म्हणजे तेही एका अर्थी फोटोच पाहतं. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि हे सगळं खेड्यात पोचलं. धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा भामरागडच्या आतल्या गावांत रेंजचा भरवसा नाही. तिथे मर्लिनचा भारताचा पॅक घरूनच उतरवून न्यावा लागतो.

यंत्र शिकतं कशावरून? माणसांनी टाकलेल्या आणि इतर माणसांनी तपासलेल्या फोटोंवरून. आयनॅचरलिस्टच्या यंत्राला एखादी जात शिकायला साधारण शंभर तरी फोटो लागतात. लोक फोटो काढतात ते शहरांत, तलावांवर आणि पर्यटनाच्या जंगलांत. वाशिम-अकोल्याच्या माळावरचा तणमोर हा पक्षी फासेपारधी लांबून ओळखतो, पण अ‍ॅपच्या पोतडीत त्या माळांवरचं काही फारसं नाही. किडे-कोळ्यांचं तर विचारूच नका. जिथे नोंदी विरळ, तिथे अ‍ॅप चुकणार, आणि चुकतंही मोठ्या आत्मविश्वासाने.

पाखराबाबत चूक झाली तर बिघडत काही नाही. सापाचं तसं नाही. रात्रीची लाइट असल्याने शेतकरी ओलिताला अंधारात जातो. तिथे मण्यार आणि कवड्या यांत गल्लत होते. मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीने, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे विरतात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते. बॅटरीच्या उजेडात दहा फुटांवरून काढलेल्या फोटोत यातलं काय दिसणार? त्यात मण्यारीचा दंश सुजत नाही, फारसा दुखतही नाही. अ‍ॅपने ‘कवड्या, बिनविषारी’ म्हटलं आणि माणूस घरी जाऊन झोपला, तर सकाळ उजाडेलच असं नाही. शिवाय उपचाराला सापाचं नाव लागतच नाही. आपल्याकडची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच आहे आणि डॉक्टर लक्षणं पाहून ती देतात. साप चावल्यावर मोबाइल उघडायचा तो गाडी बोलवायला.

नोंद कुठे झाली हे सांगण्यातही जोखीम असते. आयनॅचरलिस्ट धोक्यातल्या जातींचं नेमकं ठिकाण झाकून वीसेक किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी दाखवतं. शिकारी काही निरक्षर नसतो. ताडोब्यात तर पर्यटकांना सफारीत मोबाइल नेण्यावरच बंदी आली, कारण वाघ दिसला की निरोप फिरायचे आणि जिप्सींची गर्दी व्हायची. त्यामुळे अ‍ॅपचा खरा उपयोग व्हायचा तो वाघाच्या जंगलाबाहेर: धुऱ्यावर, गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांवर, शाळेच्या आवारात.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या, म्हणजे गावातल्या जीवांची आणि त्यांच्याविषयीच्या माहितीची वही, करायला सांगितलं. राज्याचं जैवविविधता मंडळ नागपुरातच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर देशभर घाईने वह्या भरल्या गेल्या. घाईच्या कामात एका गावची यादी दुसऱ्या गावाला चिकटते, हे सांगायला नको. तरी जिथे मनापासून काम झालं, तिथे कोणतं पाखरू कोणत्या महिन्यात कोणत्या झाडावर येतं, हे गोंडी, माडिया, कोरकू नावांसकट लिहिलेलं आहे. ई-बर्डवर पक्ष्यांची मराठी नावं निवडता येतात, पण ती पुस्तकी. या वह्यांतली माहिती मात्र ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून आहे, आणि अ‍ॅपच्या यंत्राला कागद वाचून शिकता येत नाही. त्याला फोटो लागतो, तारीख लागते आणि तो तपासणारा माणूस लागतो.