उलुवातूच्या लाटा आणि आषाढातला वारा

धुतलेली सोलापुरी चादर वाळत घालण्याआधी दोघं मिळून झटकतात. एका टोकाला हिसका दिला की फुगवटा सरकत सरकत दुसऱ्या टोकाला जातो, चादर मात्र दोघांच्या हातातच राहते. समुद्राच्या लाटेचंही तेच. पाणी गोल फिरून जवळपास जागेवरच येतं, पुढे जाते ती ऊर्जा.

हा हिसका किती लांबून आलेला असू शकतो, ते बालीच्या दक्षिण टोकाला उलुवातूत दिसतं. चुनखडीचा उंच कडा, त्यावर देऊळ, पायथ्याशी प्रवाळाचा खडक. सर्फिंग करणारे कड्याखालच्या गुहेतून पाण्यात उतरतात. भरतीला परतताना तीच गुहा नेमकी गाठावी लागते. चुकली तर प्रवाह पुढे ओढतो आणि सगळा फेरा पुन्हा.

इथला हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. त्या काळात दक्षिण गोलार्धात हिवाळा असतो आणि ४० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात वादळांची रांग लागते. तिथे वाऱ्याला अडवायला जमीन जवळजवळ नाहीच. शेकडो किलोमीटर पाण्यावर वारा एकसारखा घासत राहतो आणि लांब लाटा तयार होतात. एकामागून एक १६ सेकंदांनी येणाऱ्या लाटा घ्या. खोल पाण्यात अशा दोन माथ्यांमध्ये सुमारे ४०० मीटर अंतर असतं. एकेक माथा ताशी ९० किलोमीटरने पळतो, पण लाटांचा जथा, म्हणजे ऊर्जा, त्याच्या निम्म्याच वेगाने सरकते. साडेचार हजार किलोमीटर यायला चारेक दिवस लागतात. म्हणून वादळाचा नकाशा पाहून उलुवातूच्या लाटांचा अंदाज आधीच बांधता येतो.

वाटेत या लाटांची निवडही होते. सोलापुरातून पंढरीला पायी निघालेला घोळका मोहोळ येईपर्यंत लांबतो, भराभर चालणारे पुढे जातात. तशाच लांब लाटा आधी पोहोचतात, आखूड मागून. वादळातली सगळी गिचमिड अशी वाटेतच सुटते आणि किनाऱ्याला रेखीव ओळी येतात.

मग खडकाचं काम. ४०० मीटर लांबीच्या लाटेला २०० मीटर खोलीपासूनच तळ जाणवायला लागतो. कोकणातल्या वाळूच्या उतरत्या किनाऱ्यावर ती हळूहळू फेसाळते. प्रवाळाचा खडक मात्र एकदम वर येतो. लाटेचे पाय अडतात, डोकं पुढेच जातं, आणि माथा कमानीसारखा कोसळून पोकळ नळी होते. ढोबळमानाने तीन मीटरची लाट चारेक मीटर खोलीवर फुटते. ओहोटीला तर अंगाखाली धारदार प्रवाळ आणि वर अगदी थोडं पाणी. वाळूचे उंचवटे पावसाळ्यागणिक हलतात, खडक हलत नाही. लाट रोज त्याच जागी फुटते. सर्फिंग करणाऱ्यांना ती जागा हवीहवीशी वाटते ती त्यामुळेच, आणि जखमाही त्यामुळेच.

शिवाय वारा. या महिन्यांत बालीवर आग्नेयेचे व्यापारी वारे वाहतात. उलुवातूचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्याने ते जमिनीकडून समुद्राकडे, थेट लाटेच्या तोंडावर येतात आणि तिला क्षणभर सावरून धरतात. नोव्हेंबरपासून वारा पश्चिमेचा होतो, पाऊस लागतो, लाटांचं तोंड विस्कटतं. सोलापुरात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते त्या जानेवारीत तिथले बरेच सर्फर बेटाच्या पूर्व किनाऱ्याकडे वळलेले असतात.

मला गंमत वाटते ती पुढची. दक्षिण हिंदी महासागरातल्या आग्नेय वाऱ्यांच्या त्याच पट्ट्यातली हवा आफ्रिकेच्या बाजूने विषुववृत्त ओलांडते, पृथ्वीच्या फिरण्याने उजवीकडे वळते आणि नैर्ऋत्य मोसमी वारा होऊन आपल्याकडे येते. वाटेतला पाऊस बराचसा सह्याद्रीवरच सांडतो. मग आषाढात सोलापुरावरून ढग नुसते पळतात, वारा रस्त्यावरची धूळ उडवत राहतो आणि आपण नभाकडे बघत बसतो. उलुवातूत ते हंगामाचे ऐन दिवस असतात.