उंबरठ्यावर अडलेला कुत्रा

बाहेर पाऊस फार नव्हता, नुसती भुरभुर होती. दार उघडल्यावर आमच्या कुत्रीने नाक बाहेर काढलं, पुढचा एक पंजा उचलला आणि तो तसाच अधांतरी धरून मान वळवून माझ्याकडे पाहत राहिली. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटाखाली. मी पट्टा ओढला, तसे तिने चारही पाय फरशीत रोवले. मी आणखी जोर लावला. ती बाहेर आली खरी, पण भिंतीला अंग घासत दहा पावलं चालली, काहीही न करता मागे फिरली आणि घरात आल्यावर अर्ध्या तासाने पलंगामागे शू करून बसली. मी तिला ओरडले.

त्या दिवसाचं मला आजही वाईट वाटतं. तोवर तिला पाऊस नुसता आवडत नव्हता. त्या नावडीत भीतीची भर मी घातली.

पावसात किंवा बर्फात बाहेर पडायला कुरकुरणाऱ्या कुत्र्याला आपण पटकन हट्टी ठरवतो, लाडावलेला म्हणतो. त्याच्या अंगाला पाणी लागतं तेव्हा नेमकं काय होतं, हे एकदा समजलं की असे शब्द वापरवत नाहीत.

कुत्र्याला ऊब मिळते ती केसांच्या दाटीत अडकून राहिलेल्या हवेमुळे. बऱ्याच जातींमध्ये केसांचे दोन थर असतात. वर राठ, लांब केस आणि खाली कापसासारखी मऊ, दाट लव. हवा धरून ठेवण्याचं काम ही लव करते. वरचे केस आणि त्वचेतून पाझरणारं तेल मिळून पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून जाऊ देतात. पाणी एकदा लवेपर्यंत पोचलं की हवेची जागा ते घेतं, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेतं. म्हणजे अंगावरचं पांघरूण काढून घेऊन वर ओली चादर गुंडाळावी तसा प्रकार. न्यूफाउंडलंड किंवा लॅब्रॅडॉर यांना हे फारसं जाणवत नाही, त्यांची कातडी आणि केस पाण्यात काम करण्यासाठीच घडलेले आहेत. ग्रेहाउंडच्या अंगावर मात्र आखूड केसांचा एक पातळ थर असतो. चिवावासारख्या इवल्याशा कुत्र्याची अडचण आणखी वेगळी. शरीर जितकं लहान, तितकं वजनाच्या मानाने अंगाचं क्षेत्रफळ जास्त, आणि उष्णता तितकी लवकर निसटते. शिवाय त्याचं पोट जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर. आपल्याला जे ओलं गवत घोट्याला लागतं, ते त्याच्या पोटाला घासत जातं.

ओल्या केसांची किंमत किती असते, याचा हिशोब अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठातल्या अँड्र्यू डिकरसन, झॅकरी मिल्स आणि डेव्हिड हू यांनी मांडला. त्यांचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. उंदरापासून अस्वलापर्यंत निरनिराळे प्राणी अंगावरचं पाणी कसं झटकतात, हे त्यांनी वेगवान कॅमेऱ्याने टिपलं. उंदीर सेकंदाला सुमारे ३० वेळा अंग झटकतो, लॅब्रॅडॉरएवढा कुत्रा चार-पाच वेळा. प्राणी जितका लहान, तितकं त्याला वेगाने झटकावं लागतं, नाहीतर थेंब केसांना चिकटूनच राहतात. कुत्र्याची कातडी सैल असते, त्यामुळे पाठीचा कणा जेवढा वळतो त्याच्या कितीतरी पुढे कातडी फिरते आणि पाणी भिरकावलं जातं. काही क्षणांत सुमारे ७० टक्के पाणी उडून जातं. हे झटकणं जमलं नसतं तर? साधारण २७ किलोच्या कुत्र्याच्या केसांत अर्धा किलोच्या आसपास पाणी राहतं. ते नुसत्या अंगच्या उष्णतेने वाळवायचं तर दिवसभराच्या अन्नातली पाचवा हिस्सा ऊर्जा त्यातच खर्ची पडेल, असं त्यांचं गणित सांगतं. भिजणं टाळण्याची ओढ कुत्र्याच्या शरीरात किती खोल असेल, याचा यावरून अंदाज येतो.

यापुढचं संशोधन मला सर्वांत मोलाचं वाटतं. २०२४ साली हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या डेव्हिड गिंटी यांच्या प्रयोगशाळेने हे झटकणं नेमकं सुरू कुठून होतं ते उंदरांमध्ये शोधलं. मानेच्या मागच्या बाजूला तेलाचा एक थेंब टाकला की उंदीर अंग झटकतो. केसांच्या मुळांशी गुंडाळलेले, अगदी हलका स्पर्शही टिपणारे मज्जातंतू ही खबर मज्जारज्जूमार्फत मेंदूपर्यंत नेतात. त्या तंतूंचा संदेश थांबवला तर झटकणं बरंच कमी होतं. गंमत म्हणजे हळुवार गोंजारण्याचा स्पर्श टिपणारे म्हणून हेच तंतू आधी ओळखले जात होते. प्रयोग उंदरांवरचा आहे, पण झटकण्याची ही सवय केसाळ सस्तन प्राण्यांमध्ये सगळीकडे दिसते. मानेवर पडणारा थेंब ही कुत्र्यासाठी किरकोळ गोष्ट नसावी, असं मला यावरून वाटतं. भुरभुरत्या पावसात तसे थेंब मिनिटाला किती पडत असतील! आपण छत्रीखाली कोरडे उभे राहून त्याला "एवढ्याशा पावसाने काय होतं" म्हणतो.

कानांचंही तसंच. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत. पत्र्यावर, छत्रीवर, पानांवर पडणाऱ्या पावसाचा जो आवाज आपल्याला नुसता सरसर वाटतो, तो त्याच्या कानात किती भरगच्च असेल. म्हणून कुत्र्याला रेनकोट घ्यायचा तर टोपी नसलेला घ्यावा. टोपी कानांवर आली की प्रत्येक थेंब ढोलावर पडल्यासारखा वाजतो, आणि मागून कोण येतंय तेही कळेनासं होतं.

बर्फ पडला की याहून मोठा पेच उभा राहतो, कारण शी-शूची जागाच नाहीशी होते. कुत्रा ही जागा नाकाने आणि पायांनी ओळखतो. पिल्लू दोन महिन्यांच्या आसपासचं झालं की पायाखाली अमुक एक पृष्ठभाग असला तरच मोकळं व्हायचं, ही आवड घट्ट होऊ लागते. गवतावर शिकलेल्या कुत्र्याला बर्फ म्हणजे अनोळखी फरशी. त्यातच पूर्वीच्या वासाच्या खुणाही झाकल्या गेलेल्या असतात. पाऊस त्या धुऊन नेतो, बर्फ त्यावर पांघरूण घालतो. अशा वेळी कुत्रा इकडेतिकडे हुंगत राहतो, गिरक्या घेतो आणि न बसताच परत येतो. त्याला जागा सापडत नसते. फावड्याने बर्फ बाजूला सारून दोन-तीन हात गवत किंवा माती उघडी करून दिली, तर पुष्कळ कुत्र्यांचा प्रश्न तिथेच सुटतो. पावसासाठी आडोशाची एक ठरावीक जागा हवी: पुढे आलेलं छप्पर, दाट झाड, जिन्याखालचा कोपरा. त्या जागेवर त्याच्याच लघवीने ओला झालेला कागद एकदा ठेवून पाहा. नाकाला खूण पटली की पुढचं सोपं जातं.

आता दाराशी जे घडतं त्याकडे येते, कारण खरी गाठ तिथे बसते. दार उघडलं, पट्टा ताणला गेला, मान आवळली, अंग गार पडलं. हे चार-सहा वेळा एकापाठोपाठ झालं की दार उघडण्याचा आवाजच पुरेसा होतो. इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या प्रयोगांत अन्नाआधीच्या खुणेनेच कुत्र्यांच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. इथे तोच नियम उलट्या दिशेने चालतो, आणि खुणेबरोबर धास्ती येते. ही गाठ सोडवायची वाटही जुनीच आहे. मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मूल आवडीचं खात असताना ससा लांब ठेवायचा, आणि मूल शांत राहील तेवढाच दर वेळी जवळ आणायचा. शेवटी तो सशाला हात लावू लागला.

कुत्र्याच्या बाबतीत ससा म्हणजे ओलावा. सुरुवात कोरड्या दिवशी, घरातच करावी. ओला टॉवेल जमिनीवर पसरून त्यावर त्याचं जेवणाचं भांडं ठेवा. पायाला गार, ओलं लागतंय आणि समोर आवडीचं खाणं आहे, एवढी जोडी जुळू द्या. मग पाऊस पडत असताना नुसतं दार उघडा, खाऊ द्या, दार लावा, संपलं. बाहेर जायचं नाही. दुसऱ्या दिवशी उंबरठ्यावर. तिसऱ्या दिवशी छपराखाली. तो खाऊ घेईनासा झाला किंवा वारंवार ओठ चाटू लागला, जांभया देऊ लागला, तर आपण एक पायरी जास्त चढलो असं समजून मागे यावं. या कामात घाई अजिबात चालत नाही. आम्हाला तीन आठवडे लागले, आणि त्यातला पहिला आठवडा फक्त दार उघडण्या-लावण्यात गेला. पट्टा गळ्याऐवजी हार्नेसला, म्हणजे छातीभोवती घालायच्या पट्ट्यांना, लावला की मानेला हिसका बसत नाही आणि जुनी ओढाताण आठवत नाही, हाही फायदा.

याच्याबरोबरीने आणखी एक गोष्ट केली, तिचा उपयोग मला सर्वांत जास्त झाला. पाऊस नको असलेल्या कुत्र्याला त्या क्षणी सगळ्यात जास्त काय हवं असतं? घर. मग घर हेच बक्षीस. ठरलेल्या आडोशाला जायचं, ठरलेला शब्द म्हणायचा, गप्प उभं राहायचं. शू झाली की त्याच क्षणी शाबासकी द्यायची आणि सरळ घरी पळायचं. शू केली की घर मिळतं, हे त्याला पाच-सहा खेपांत उमगतं. कोरड्या दिवशी मात्र याच्या बरोब्बर उलट वागायचं. छान हवेत शू झाल्याबरोबर परत फिरलं, तर फिरणं संपू नये म्हणून कुत्रा शू रोखून धरायला शिकतो. तेव्हा कोरड्या दिवशी आधी शू, मग मनसोक्त फिरणं.

वेळही साधता येते. जेवणानंतर आतडी हलू लागतात, म्हणून खाण्याची वेळ ठरलेली असेल तर शीची वेळही बऱ्यापैकी ठरते. आभाळ पाहून जेवण थोडं मागेपुढे केलं तर पावसाची उघडीप गाठता येते.

रेनकोट निवडताना पोट झाकलं जातंय आणि खांदे मोकळे राहतायत, एवढं बघावं. अंगात घालून कुत्रा पुतळ्यासारखा उभा राहत असेल, तर तो शहाण्यासारखा वागतोय असं समजू नका. तो भीतीने गोठलेला असतो. आधी घरात, खाऊ देत देत, दोन-दोन मिनिटं सवय करावी. बुटांचंही तसंच, ते घातल्यावर कुत्रा पाय उंच उचलून चालतो तेव्हा लोक हसतात, पण पंजाखालची जमीनच त्याला कळेनाशी झालेली असते.

बर्फात उघड्या पायांनी तो चालतो तरी कसा, याचं उत्तर २०११ साली जपानमधल्या हिरोयोशी निनोमिया आणि सहकाऱ्यांनी दिलं. पंजाच्या गाद्यांमध्ये धमन्यांना लगटून बारीक शिरांचं जाळं असतं. पायाकडे निघालेलं गरम रक्त परत येणाऱ्या गार रक्ताला वाटेतच ऊब देतं, त्यामुळे शरीर गारठत नाही. म्हणजे निव्वळ गारव्याची सोय निसर्गाने बरीच करून ठेवली आहे. त्रास देतात त्या दुसऱ्याच दोन गोष्टी. बोटांमधल्या केसांत बर्फाच्या गोळ्या बांधल्या जातात आणि प्रत्येक पावलाला खडा टोचावा तशा टोचतात. तिथले केस गादीच्या पातळीत कापून, निघण्याआधी पंजाला लावायचं मेण चोपडलं की गोळ्या कमी धरतात. दुसरी गोष्ट म्हणजे रस्त्यावरचा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ. ते गाद्यांच्या भेगांत झोंबतं, आणि नंतर पंजे चाटताना पोटात जातं. घरी आल्यावर कोमट पाण्याने पंजे धुवावेत. गाड्यांच्या रेडिएटरमधलं थंडीत न गोठणारं द्रव्य सांडलेलं दिसलं तर कुत्र्याला तिथे फिरकूही देऊ नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि थोडंसं पोटात गेलं तरी मूत्रपिंडं निकामी करतं. कुत्र्याने ते चाटल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता तडक डॉक्टरांकडे न्यावं.

आधी पावसात आनंदाने जाणारा कुत्रा, विशेषतः वयस्कर, अचानक नकार देऊ लागला तर मात्र खाऊ आणि सराव बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. सांधे दुखत असतील तर गारठ्यात ते आणखी आखडतात, आणि ओल्या फरशीवर पाय घसरण्याची भीती बसते. दुखणाऱ्या कुत्र्याला धीट बनवण्याचा प्रयत्न करणं क्रूरपणाचं आहे. बाहेर असताना थरथर थांबत नसेल, पंजे आळीपाळीने उचलले जात असतील, चाल मंदावली असेल, तर ताबडतोब परत फिरावं.

आणि फिरणं बुडालं त्या दिवशी? नाकाला काम द्यावं. शार्लट ड्युरांटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांच्या २०१९ सालच्या अभ्यासात, वासावरून खाऊ शोधण्याचा सराव केलेले कुत्रे नंतरच्या चाचणीत जास्त आशेने वागताना दिसले. दुसऱ्या गटाने नुसतं मालकाच्या पायाशी चालण्याचा सराव केला होता, त्यांच्यात तो बदल नव्हता. जुन्या टॉवेलच्या घड्यांत, रिकाम्या खोक्यांत खाऊ लपवला तरी वीस मिनिटांत कुत्रा समाधानाने पसरतो.

टॉवेलवरून आठवलं. खूप कुत्र्यांना पावसापेक्षाही नंतरचं खसाखसा पुसणं नकोसं असतं. केसांच्या उलट न घासता टॉवेल दाबून पाणी टिपावं, बोटांच्या बेचक्यांत आणि कानांमागे जरा जास्त वेळ, कारण ओल तिथेच साचून कातडी बिघडते. आमच्याकडे दाराशी एक निळा टॉवेल टांगलेला असतो. आता पावसात ती आडोशापर्यंत जाते, शू करते आणि मला मागे ओढत घरी येते. मग त्या टॉवेलखाली उभी राहून आधी डावा पंजा पुढे करते, मग उजवा.