वस्तीतल्या कामाला पैसा कुठून आला? मुंबईतल्या छोट्या अनुदानांची पार्श्वभूमी

गोवंडीत, मालवणीत किंवा धारावीत एखादं महिला मंडळ किशोरवयीन मुलींचा गट चालवतं, म्हाताऱ्यांचा रक्तदाब तपासण्यासाठी दर आठवड्याला कुणाला तरी बसवतं, घरात मार खाणाऱ्या बाईला दवाखान्यापर्यंत आणि पोलीस ठाण्यापर्यंत सोबत करतं. अशा कामाचा वर्षाचा खर्च बहुतेकदा काही लाखांच्या आत असतो, आणि तेवढेच पैसे मिळवणं सगळ्यात अवघड जातं. पन्नास लाखांचा प्रकल्प मागणाऱ्या संस्थेकडे प्रस्ताव लिहिणारा माणूस असतो. दोन लाख मागणाऱ्या मंडळात प्रस्ताव लिहिणारी, गटाची बैठक घेणारी आणि चटया उचलून ठेवणारी ताई एकच असते. ही अडचण आजची नाही. मुंबईत लोकहितासाठी पैसा कसकसा वाहत आला, त्यातच तिची मुळं आहेत.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईची दानत दगडी होती. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८४५ मध्ये जे. जे. रुग्णालय उभं राहिलं, १८७४ मध्ये गोकुळदास तेजपाल, १८८६ मध्ये कामा. व्यापारात कमावलेला पैसा शहराला परत देण्याची ही रीत थोर होती, आणि आजही गरीब माणूस याच दारांत जातो. पण ही देणगी इमारतीला असे. इमारतीवर देणाऱ्याचं नाव कोरता येतं. तिच्याखेरीज आजारी माणसाच्या घरी जाणं, त्याला औषध वेळेवर घ्यायला लावणं, त्याच्या पोरांना त्या दिवशी कुणाकडे तरी जेवू घालणं हे काम उरतंच. ते जातीच्या, गावच्या आणि धर्माच्या नात्यांवर सोडलेलं होतं. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग आला, तेव्हा ते उघडपणे दिसलं. सरकारी रुग्णालयाची आणि सक्तीच्या तपासणीची लोकांना इतकी धास्ती वाटली की निरनिराळ्या समाजांनी आपापल्या लोकांसाठी वर्गणी काढून स्वतःची प्लेग रुग्णालयं उघडली. मुंबईत आरोग्यासाठी लोकांनी लोकांकडून गोळा केलेल्या छोट्या पैशाचं हे एक मोठं उदाहरण. त्याला जातीच्या भिंती होत्या, हेही तितकंच खरं.

त्या भिंतींबाहेर पडून काम करायचं ठरवणाऱ्यांत नारायण मल्हार जोशी यांचं नाव अगोदर घ्यायला हवं. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे ते सदस्य. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणी कामगारांच्या वस्त्यांत रात्रशाळा, वाचनालयं, मोफत दवाखाने सुरू केले. परळचं दामोदर नाट्यगृह मराठी माणसाला नाटकांमुळे माहीत आहे. ते याच लीगच्या कामातून उभं राहिलं. लीगला मोठे देणगीदार मिळाले, पण तिची रोजची कामं स्वयंसेवकांच्या वेळेवर आणि छोट्या देणग्यांवर चालत. कामगाराला शिकवायचं तर कुणाला तरी रोज संध्याकाळी तिथं हजर राहावं लागतं, आणि त्या हजेरीचा खर्च असतो, हे जोशींनी ओळखलं होतं. डिलाइल रोडचं नाव आज ना. म. जोशी मार्ग आहे. मुंबईतल्या कुठल्याही वस्तीपातळीवरच्या संस्थेनं आपली वंशावळ लिहायला घेतली, तर ती मला या रस्त्यावरून जाताना दिसते.

याच सुमाराला गिरणगावात दुसरी एक व्यवस्था वाढत होती. तिच्याकडे समाजकार्याच्या इतिहासात फारसं कुणी पाहत नाही, म्हणून इथं थोडं थांबतो. कोकणातून आलेला माणूस चाळीतल्या गावच्या खोलीत राहायचा, आणि प्रत्येक गावाचं किंवा वाडीचं मुंबईत एक मंडळ असायचं. महिन्याची ठरलेली वर्गणी, पावती पुस्तक, वर्षाची सभा आणि त्यात वाचला जाणारा हिशेब. त्या पैशातून गावची शाळा शाकारली जायची, मुंबईत मेलेल्याचे अंत्यविधी व्हायचे, गिरणीतून सुटलेल्याला दोन महिने आधार मिळायचा. सार्वजनिक गणेशोत्सवही याच रीतीनं वाढला. १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सुरू झालेल्या उत्सवापासून पुढे गल्लोगल्ली मंडळं झाली, आणि पुढं त्यांतल्या अनेकांनी दहा दिवसांपलीकडे जाऊन रक्तदान, वह्यावाटप, रुग्णवाहिका अशी कामं अंगावर घेतली. लालबागच्या राजाच्या मंडळानं तर डायलिसिस केंद्र चालवलं. व्यायामशाळा आणि कबड्डीची मंडळं याच घरातली. आज ‘कम्युनिटी वेलनेस’ म्हणतात त्यातला बराचसा भाग, म्हणजे शरीर, सोबत आणि अडीअडचणीला हाक, या मंडळांनी कुठलाही प्रस्ताव न लिहिता सांभाळला. मात्र गावकी मंडळाच्या सभेत बाया क्वचितच असत आणि दलित वाडीचं मंडळ बहुधा वेगळं असे. वर्गणीचा पैसा आपल्या माणसांपर्यंत पोचतो, आणि ‘आपली माणसं’ कोण ते वर्गणी देणारे ठरवतात.

अर्ज, छाननी आणि अहवाल या मार्गानं येणारा पैसा मुंबईत प्रामुख्यानं टाटांच्या विश्वस्त निधींमुळे रुळला. सर रतन टाटा ट्रस्ट १९१९चा, सर दोराबजी टाटा ट्रस्ट १९३२चा. १९२७ मध्ये अमेरिकन मराठी मिशननं नागपाड्यात नेबरहूड हाऊस हे वस्तीतलं सेवाकेंद्र उघडलं होतं. तिथले क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकारातून आणि दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून १९३६ मध्ये समाजकार्याचं पदवीधर शिक्षण देणारी संस्था त्याच नागपाड्यात सुरू झाली. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. वस्तीतलं काम हे शिकून करायचं आणि पगार घेऊन करायचं काम आहे, असं म्हणणारी ही संस्था होती. माझ्या मते हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा विचार आहे. छोट्या अनुदानांनी तो पुढे पुरता पचवला नाही.

स्वातंत्र्यानंतर कायदा आला. मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०. महाराष्ट्रात संस्था काढायची तर १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात माणसं उभी करायची, आणि शिवाय धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणूनही नोंद करायची. म्हणून इथल्या मंडळाच्या लेटरहेडवर ‘एफ’नं सुरू होणारा क्रमांक असतो. दरवर्षीचे हिशेब, लेखापरीक्षण, कार्यकारिणी बदलली की वरळीच्या कार्यालयात बदल अहवाल. देवस्थानांच्या आणि मोठ्या धर्मादाय निधींच्या कारभारात शिस्त आणायची, हा हेतू योग्यच होता. पण वार्षिक सभेत दहा बायांसमोर हिशेब वाचणाऱ्या मंडळालाही तीच चौकट लागू झाली. बदल अहवाल वेळेवर दिला नाही, जुनेच विश्वस्त कागदावर राहिले, त्यातला एखादा वारला, आणि मग अनुदानासाठी अर्ज करताना सही कुणाची चालेल यावर गाडी अडली, ही कथा मुंबईतल्या किती मंडळांनी अनुभवली असेल!

१९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं आणि स्वयंसेवी संस्थांना सरकारी अनुदान देण्याची देशव्यापी वाट खुली झाली. बालवाडी, शिवणवर्ग, पाळणाघर, पुढे कौटुंबिक सल्ला केंद्र अशा कामांवर कित्येक महिला मंडळं उभी राहिली. कमी शिकलेल्या बायांना संस्था चालवण्याचा सराव या पैशानं दिला, हे त्याचं श्रेय.

सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकांत मात्र शहर हललं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. त्या बायांना दानापेक्षा सावकाराच्या तावडीतून सोडवणारं बँकेचं छोटं कर्ज हवं होतं, आणि ते मिळवून दिलं गेलं. १९७९ मध्ये रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी, सगळे मिळून सात जणांनी, ५० रुपयांवर ‘क्राय’ सुरू केली. सामान्य माणसांकडून पैसे गोळा करायचे आणि ते मुलांसाठी काम करणाऱ्या छोट्या संस्थांना द्यायचे, ही तिची पद्धत. जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप झाला. पगार थांबला तशी वर्गणीही आटली, आणि गिरणगावातल्या मंडळांचा कणा मोडला. संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, आणि त्या मंडळांचा जुना जोरही पुन्हा आला नाही.

त्या रिकाम्या जागेत नव्या संस्था आल्या. १९८४ मध्ये भायखळ्याच्या पदपथावरच्या बायांबरोबर ‘स्पार्क’ या संस्थेचं काम सुरू झालं. त्याच वर्षी टाटा संस्थेनं पोलीस आयुक्तालयात हिंसाग्रस्त महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष काढला. हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या समाजसेविकांनी सुरू केलेलं हे काम पुढं राज्य सरकारनं स्वीकारलं आणि जिल्ह्याजिल्ह्यांत नेलं. तसंच ‘दिलासा’चं. २००० मध्ये वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ ही आरोग्यावर काम करणारी संस्था आणि महानगरपालिका यांनी मिळून ते केंद्र उघडलं. दवाखान्यात जखमा घेऊन येणाऱ्या बाईला तिथंच बसून बोलता यावं, एवढी साधी कल्पना. पुढं पालिकेच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रं निघाली. छोट्या पैशानं काय होतं असं विचारणाऱ्यांना मी ही दोन नावं सांगतो. दोन्हीकडे पैसा गेला तो बसून ऐकणाऱ्या प्रशिक्षित बाईच्या पगारावर.

नेमका याच खर्चाला देणारे कचरत आले. खासदार निधी १९९३ मध्ये आला. त्यातून समाजमंदिर बांधता येतं, पण समाजमंदिरात गट चालवणाऱ्या ताईचा पगार देता येत नाही, कारण तो निधी टिकाऊ मालमत्तेसाठीच आहे. वस्तीत फिरा. कुलूपबंद व्यायामशाळा आणि समाजमंदिरं दिसतील, बाहेर पाटीही दिसेल. पालिकेच्या योजनांनी माणसांना पैसे दिले, पण मानधन म्हणून. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी जागतिक बँकेच्या मदतीनं आरोग्य केंद्रांचं जाळं विणलं गेलं, तेव्हा वस्तीतल्याच बाया आरोग्य सेविका म्हणून घेतल्या. ते मानधन की पगार, हा वाद पुढं कितीतरी वर्षं चालला. १९९५ पासूनचा झोपडपट्टी स्वच्छतागृहांचा कार्यक्रम आणि त्यानंतरची, वस्तीची साफसफाई वस्तीतल्याच गटांकडे देणारी दत्तक वस्ती योजना यांतही वस्तीच्या संस्थांनाच काम दिलं गेलं. देखभालीची जबाबदारी मोठी आणि मोबदला तुटपुंजा, हा तिथलाही अनुभव.

खासगी दात्यांकडून वेगळे प्रयत्न झाले. १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट स्थापन झाला. शहरातल्या लोकांचा पैसा एकत्र करून त्याच शहरातल्या संस्थांना द्यायचा, ही अमेरिकेत १९१४ मध्ये क्लीव्हलँडला रुजलेली कल्पना. ती भारतात आणण्याचा हा पहिला प्रयत्न मानला जातो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सर रतन टाटा ट्रस्टनं लहान आणि नवख्या संस्थांसाठी छोट्या अनुदानांचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला. त्यात संस्थेची बांधणी, हिशेब ठेवणं, माणसं तयार करणं यांनाही पैसा होता. २००४ पासून मुंबई मॅरेथॉनमध्ये धावणारे लोक आपापल्या ओळखीच्यांकडून संस्थांसाठी देणग्या गोळा करू लागले. वर्गणीच ती, फक्त दादर-परळच्या खोलीतून निघून मरिन ड्राइव्हवर आलेली.

मग २०१४ आलं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचं निव्वळ मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा नफा असलेल्या कंपनीनं सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे. कंपन्यांची मुख्यालयं मुंबईत, त्यामुळे आशा मुंबईला जास्त. पैसा आला, खूप आला. पण कंपनीला एका वर्षात मोठी रक्कम खर्च करून ठळक आकडा दाखवायचा असतो. वीस मंडळांना दोन-दोन लाख देण्यापेक्षा एका संस्थेला चाळीस लाख देणं तिच्या अधिकाऱ्याला सोपं जातं. त्यात पैसा घेणाऱ्या संस्थेकडे तीन वर्षांच्या कामाचा पुरावा हवा, आणि २०२१ पासून सीएसआर-१ ही कंपन्यांचा असा पैसा घेण्यासाठीची सरकारी नोंदणी, बारा-ए, ऐंशी-जी या प्राप्तिकराच्या नोंदण्या हेही.

खालपर्यंत पैसा पोचवणारी दुसरी वाट परदेशी देणग्यांची होती. मोठी संस्था परदेशी देणगी घ्यायची आणि तिचे छोटे भाग करून वस्तीतल्या मंडळांना द्यायची. परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफसीआरए कायद्यातल्या सप्टेंबर २०२०च्या दुरुस्तीनं असं पुढं देणं बंद झालं, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. स्वतः नोंदणी करायची तर मागच्या तीन वर्षांत १५ लाखांचा खर्च दाखवायचा. हे सगळं झालं तेव्हा करोना होता, आणि धारावी-गोवंडीत घराघरांत शिधा, औषधं आणि धीर पोचवणारी हीच मंडळं होती. या दुरुस्तीमागचे सरकारचे हेतू काहीही असोत, सर्वांत लहान संस्थेपर्यंत जाणारी पायवाट त्यानं बुजली असं मला वाटतं, आणि त्याचं मला मनापासून दुःख आहे.

अलीकडची वाट सोशल स्टॉक एक्स्चेंजची, म्हणजे सामाजिक संस्थांना शेअर बाजाराच्या मार्गानं निधी उभारू देणाऱ्या व्यवस्थेची. तिथं नोंदणीसाठी संस्थेनं आदल्या वर्षी ५० लाख खर्च केलेले असावे लागतात. दुसऱ्या टोकाला, २०२४ मध्ये संपलेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बचत गटाला १० हजारांचा फिरता निधी मिळत असे. वस्तीतल्या आरोग्यावर काम करणारी मंडळं या दोन रकमांच्या मधे उभी आहेत. त्यांतली काही आता मोठ्या संस्थेच्या नोंदणीखाली काम करतात, काही गणेश मंडळांकडे आणि देवस्थानांकडे जातात. अनुदान देणाऱ्यांबरोबरच्या बैठकींत त्यांची मागणी साधी असते: तीन वर्षांची खात्री, अहवाल मराठीत लिहिण्याची मुभा, आणि अंदाजपत्रकात ताईच्या पगाराची एक ओळ.