अहमदाबाद प्रयोग

यंत्रे बदलल्यावर कामाची वाटणी बदलली नाही, तर उत्पादन आणि कामातील समाधान दोन्ही अडते, या मताच्या पुष्ट्यर्थ नेहमी दिला जाणारा अहमदाबादच्या कॅलिको कापडगिरणीतील प्रयोग (1953). कामाच्या ठिकाणच्या मानवी संबंधांचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी तो केला.

त्याचे मूळ सहसा इंग्लंडच्या कोळसा खाणींत शोधतात. तेथे जोडीने कोळसा काढण्याची रीत मोडून यांत्रिक पद्धत आली आणि सुमारे 40 माणसे तीन पाळ्यांत विभागली गेली : 10 कापणीला, 10 वाट पुढे नेण्याला, 20 भरणीला. एका पाळीची कसर पुढच्या पाळीच्या माथी येई. त्याच संस्थेचे ट्रिस्ट व बॅमफर्थ यांनी हे 1951 मध्ये मांडले. अहमदाबाद हा त्याचाच विस्तार, असे काहींचे मत. परंतु राइस यांच्या वृत्तान्तानुसार ठरावीक मागांचे सारे काम एका गटाकडे सोपविण्याची कल्पना निघताच तपशील पर्यवेक्षक व कामगारांनीच ठरविले. तेव्हा ‘विस्तार’ म्हणणे अपुरे वाटते.

स्वयंचलित मागांच्या खात्यात कामे 12 प्रकारची होती. सुमारे 30 माग पाहणाऱ्या विणकराच्या वाट्याला इतर कामगारांचा केवळ अंश येई : बॅटरीत (मागाला कांड्या पुरविणाऱ्या साठ्यात) कांड्या भरणाऱ्याचा 5/8, एकदम तुटलेले ताणे सांधणाऱ्याचा 3/8, बीम (ताण्याचा रूळ) चढविणाऱ्याचा 1/4 आणि बॉबिन वाहणाऱ्याचा 1/8. सूत खराब लागून धागे तुटणे वाढले की साऱ्यांना एकाच वेळी चहूकडून हाका, आणि कोणाचेच काम पुरे नाही. नव्या रचनेत सुमारे 64 मागांमागे सात जणांचा गट झाला. आरंभी गटांनी माग थांबू न देण्याच्या नादात देखभाल टाळली, त्यामुळे सदोष कापड वाढले. घडी बसल्यावर ते घटले आणि उत्पादन वाढले.

राइस यांनी मुख्यतः उत्पादन व सदोष कापड मोजले. समाधान हा त्यावरून काढलेला निष्कर्ष होय. गटपद्धतीबरोबर झालेल्या वेतनवाढीचा परिणाम वेगळा काढलेला नाही, हा टीकाकार रॉय यांचा आक्षेप (1969) त्यामुळे गंभीर ठरतो. मुंबईत 1928 च्या गिरणी संपामागे एका विणकराकडे दोनऐवजी तीन माग देण्याचा प्रश्न होता. तेथेही वेतन आणि कामाचा बोजा वेगळे काढता येत नाहीत.

1970 च्या सुमारास झालेल्या पुनर्पाहणीत (मिलर, 1975) साध्या (स्वयंचलित नसलेल्या) मागांच्या एका खात्यात गटपद्धत बव्हंशी टिकलेली आढळली. स्वयंचलित खात्यात मात्र कामगार पुन्हा आपापल्या ठरीव कामांकडे वळले होते.