चड्डी ओली होते, पण आधी पोट तपासा

‘शू आली का?’ असं विचारलं की तीन-चार वर्षांचं मूल हमखास ‘नाही’ म्हणतं, आणि थोड्याच वेळात चड्डी ओली होते. मोठ्यांना वाटतं, मूल खोटं बोललं किंवा आळस केला. खरं तर विचारलं त्या क्षणी त्याला शू जाणवतच नसते, किंवा खेळ सोडायचा नसल्याने त्याने ती दाबून धरलेली असते.

तान्ह्या बाळाचं मूत्राशय भरलं की आपोआप आकुंचन पावतं आणि रिकामं होतं. पुढे मेंदू हे आकुंचन थोपवायला आणि योग्य जागी पोचल्यावर खालचा स्नायू सैल सोडायला शिकतो. हे शिकणं काही एका दिवसात होत नाही. चौथ्या वर्षीही ते बऱ्याच मुलांचं अर्धवटच असतं. जागाही थोडीच. वयात एक मिळवून तिसाने गुणलं की मूत्राशयाची साधारण क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते, म्हणजे चार वर्षांच्या मुलाची सुमारे १५० मिलि. त्यामुळे मुलांच्या मूत्रविकारांचे तज्ज्ञ दिवसा कपडे ओले होण्याला पाच वर्षांच्या आत सहसा आजार म्हणत नाहीत.

शू दाबून धरणारी मुलं ओळखू येतात. पाय आवळतात, जागच्या जागी नाचतात, उकिडवी बसून टाच शूच्या जागेवर दाबून धरतात. या शेवटच्या बसण्याचं वर्णन व्हिन्सेंट नावाच्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात केलं होतं. असं बसलेलं मूल हट्ट करत नसतं. अचानक आलेली जोराची कळ ते जमेल तशी थोपवत असतं. त्या वेळी त्याला रागावणं मला फार अन्यायाचं वाटतं.

आता ज्या कारणाकडे घरोघरी दुर्लक्ष होतं त्याकडे येऊ: बद्धकोष्ठता. गुदाशय मूत्राशयाला अगदी खेटून असतं. त्यात कडक शी साठली की मूत्राशयावर दाब येतो, ते पुरतं भरत नाही, नीट रिकामंही होत नाही आणि अवेळी आकुंचन पावतं. अमेरिकेतल्या व्हेरा लोनिंग-बाउके यांनी जुनाट बद्धकोष्ठता असलेल्या २३४ मुलांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतल्या २९ टक्के मुलांचे कपडे दिवसा ओले होत होते. बद्धकोष्ठता बरी झाल्यावर अशा मुलांपैकी ८९ टक्के मुलांचा हा त्रास थांबला. मूल रोज शी करतं म्हणून पोट साफ आहे असं धरून चालू नका. शी खड्यांसारखी कडक आहे का, करताना दुखतं का, चड्डीला डाग पडतात का, हे पाहा. यातलं काही असेल तर आधी त्यावर डॉक्टरांकडून उपचार घ्या.

बाकीचं सोपं आहे, फक्त चिकाटी लागते. ‘आली का?’ असं विचारत बसण्यापेक्षा दर दोन तासांनी ‘चल, शूची वेळ झाली’ म्हणून न्यायचं. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट द्यायचा, कारण पाय टेकले नाहीत तर खालचे स्नायू सैल होत नाहीत. धार संपल्यावरही थोडं बसू द्यायचं. पाणी कमी करायचं नाही. लघवी घट्ट झाली तर मूत्राशयाला आणखी त्रास होतो आणि शीही कडक होते. शाबासकी वेळेवर जाऊन बसल्याबद्दल द्यायची, कारण तेवढंच मुलाच्या हातात असतं. शू करून उठल्यावर मुलीच्या चड्डीत चार थेंब येत असतील, तर तिला गुडघे फाकवून थोडं पुढे वाकून बसायला शिकवा. योनीमार्गात अडकलेली लघवी त्याने तिथेच निघून जाते.

सहा महिने किंवा जास्त काळ कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं होऊ लागलं तर घरात नवं बाळ आलंय का, शाळा बदलली का, हे आठवून पाहा. तरीही लघवीची तपासणी करून घ्याच. जळजळ, ताप, सतत ठिबकणं, मुलाची धार बारीक असणं किंवा त्याला कुंथावं लागणं, चालण्यात फरक, यांपैकी काही दिसलं तर वयाची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. फार तहान लागून खूप लघवी होत असेल, तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासा.